वार्धक्य, पडण्याचे भय आणि अल्लाहवरील भरवसा

दिव्य कुरआनच्या सूरह अर्-रूममधील ५४ व्या आयतीत मानवी आयुष्याचा क्रम सांगितला आहे. अल्लाह माणसाला दुर्बल अवस्थेत निर्माण करतो, दुर्बलतेनंतर बळ देतो आणि बळानंतर पुन्हा दुर्बलता व पांढरे केस देतो. म्हणजेच वार्धक्य ही शिक्षा नव्हे, निर्मात्याच्या योजनेतील तो एक टप्पा आहे.

या टप्प्यावर एक भय हळूच घरात शिरते. मोरीत एकदा पाय घसरतो. हाड शाबूत राहते, पण मन मोडते. मग अब्बा मशिदीत जाणे सोडतात, दादी पलंगावरून उतरेनाशा होतात. मुलेही प्रेमापोटी म्हणतात, "तुम्ही बसूनच राहा." परंतु न वापरलेले स्नायू क्षीण होतात, तोल ढळू लागतो आणि ज्या पडण्याच्या भयाने चालणे सोडले, तेच पडणे अधिक जवळ येते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध दुआचे कथन हजरत अनस (रजि.) यांनी केले आहे. तीत असमर्थता, आळस, भित्रेपणा आणि जर्जर वार्धक्य यांपासून अल्लाहचा आश्रय मागितलेला आहे. या गोष्टी एकत्र याव्यात, हे विचार करण्याजोगे आहे. भय माणसाला निष्क्रिय करते आणि निष्क्रियता त्याला असमर्थ करते.

मग अंगात बळ नसताना हट्टाने उभे राहावे काय? नाही. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले, की नमाज उभे राहून अदा करावी, ते शक्य नसेल तर बसून आणि तेही शक्य नसेल तर कुशीवर. येथे सवलत आहे, पण सुरुवात उभे राहण्यापासून आहे. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, वय वाढून शरीर जड झाल्यावर स्वतः प्रेषितांनी (स.) आपल्या नमाजच्या जागी टेकण्यासाठी एक खांब घेतला होता. आधार घेण्यात कमीपणा असता, तर त्यांनी तो घेतला नसता.

म्हणून वडीलधाऱ्यांनी काठीची लाज बाळगू नये. वैद्यांच्या सल्ल्याने रोज थोडे चालावे, रुकूअ आणि सजदे शक्य तितके जपावेत. मुलांनी मोरीत धरायला दांडा लावावा, वुजूसाठी भक्कम स्टूल ठेवावे, फजरच्या वेळी वाटेत दिवा असू द्यावा आणि मशिदीपर्यंत हाताला धरून न्यावे. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये वृद्ध आई-वडिलांपुढे 'उफ्' काढण्यासही मनाई आहे. त्यांच्या संथ पावलांवर चिडणेही त्यातच येते.

आणि ज्यांना खरोखरच उठता येत नाही, त्यांनी खिन्न होऊ नये. आजारी माणसाच्या नावे निरोगीपणी तो करीत असलेल्या सत्कर्मांचे पुण्य लिहिले जाते, असे सहीह बुखारीत आहे. म्हणून आज पाय चालतात तोवर ती सत्कर्मे जोडून घ्यावीत.

अल्लाह आमच्या वडीलधाऱ्यांच्या पावलांना स्थैर्य, मनाला निर्भयता आणि आम्हांस त्यांच्या सेवेची सद्बुद्धी देवो. आमीन.