सुटलेली तार

बंधन तुटले की माणूस मुक्त झाला, असे आपण सहज मानतो. विद्युत गिटारची कहाणी मात्र थोडी निराळी आहे. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातील लेकलंड येथे ‘किस’ या वाद्यवृंदातील एस फ्रेली यांना भर कार्यक्रमात विजेचा जबर धक्का बसला. पुढे हा वृंद केन शॅफर यांची बिनतारी यंत्रणा वापरू लागला. गिटारचा सूर रेडिओलहरींवरून ध्वनिवर्धकाकडे जाऊ लागला. जिवाची धास्ती सरली, पाय मोकळे झाले.

परंतु तार वादकाच्या एकट्याच्या मालकीची होती. आकाश सर्वांचे आहे. शेजारच्या मंचावर तीच वारंवारता वापरली गेली, तर दोघांचेही सूर बिघडतात. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्याचा मोठा भाग लिलावाने मोबाइल सेवेकडे गेला आणि १३ जुलै २०२० नंतर तेथे अशी उपकरणे वापरण्यास मनाई झाली.

तरीही प्रत्येक सभागृहात कायदा पोहोचत नाही. तेथे वादकांनी आधी भेटून वारंवारता वाटून घ्याव्यात, हाच मार्ग उरतो. तार असताना शेजाऱ्याचा विचार करण्याचे कारण नव्हते. ती सुटल्यावर तो करणे हे कर्तव्य ठरले. स्वातंत्र्याचे मोल बहुधा असेच चुकवावे लागते.