गुडघा उडतो ना?

आपल्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची सकाळी चहाआधी एक चौकशी होते. झोप लागली का, हे विचारतातच, घरोबा जरा जास्त असला की पुढचा प्रश्न येतो, "पोट साफ झालं ना?" विचारणाऱ्याला संकोच नाही, सांगणाऱ्यालाही नाही. ‘नाही’ म्हणालात की मात्र घर कामाला लागतं. कोणी गरम पाणी आणतं, कोणी एरंडेलाची आठवण काढतं, कोणी त्रिफळा चूर्णाची डबी शोधायला उठतं.

माझ्या मावशीकडे या सगळ्यावर एकच उत्तर होतं. देवघराशेजारच्या फडताळात पांढऱ्या औषधाची बाटली. मिल्क ऑफ मॅग्नेशिया. ती त्याला नुसतं ‘पांढरं’ म्हणते. रात्री बाटली तोंडाला लावून एक घोट, दुपारी घशाशी आलं तर आणखी एक. टोपणाने मोजून घे, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "अगं, दूधच ते. नावातच आहे."

दुधाचा त्यात थेंब नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड नावाची पांढरी भुकटी पाण्यात नुसती तरंगत असते. ती विरघळत जवळजवळ नाहीच. लिटरभर पाण्यात दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. म्हणून बाटली दोन दिवस तशीच राहिली की वर निवळ पाणी आणि तळाला चुन्यासारखा थर. न हलवता पिणाऱ्याला सुरुवातीला नुसतं पाणी मिळतं आणि बाटली संपत आली की घट्ट गाळ, म्हणजे कमी मापात भलतंच जास्त औषध. मावशी बाटली कधी हलवत नसे. देवापाशी खडखडाट नको म्हणून.

या औषधाचा पूर्वज मोठ्या घरचा. १८२९ साली जेम्स मरे या डॉक्टरांनी आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटना पोटाच्या तक्रारीवर मॅग्नेशियाचं पातळ औषध दिलं. हे गृहस्थ म्हणजे वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेले अँगल्सीचे मार्क्विस. तोफेला न डगमगलेला माणूस पोटापुढे हात टेकतो, याची मला उगीचच गंमत वाटते. पुढे १८७३ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फिलिप्स यांनी आपल्या मिश्रणाचं पेटंट घेतलं, आणि ‘दूध’ हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

काम त्याचं साधं आहे. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की आम्लाचा जोर मोडतो आणि जळजळ शमते. मात्रा वाढवली की मॅग्नेशियम आतड्यात उतरतं आणि तिथे बसून पाणी ओढून घेतं. मळ भिजतो, आतडं हलू लागतं, अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही निकाल लागतो. पाच मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम औषध असेल तर मोठ्या माणसाला जळजळीसाठी ५ ते १५ मिलिलिटर आणि पोट साफ होण्यासाठी ३० ते ६०. मावशीचा घोट यांपैकी कोणता, ते देवच जाणे. पोटाच्या गुलाबी औषधांत याच्याच जोडीला ॲल्युमिनियम घालतात, कारण ते नेमकं उलट, मळ घट्ट करणारं. एकाने सैल केलेलं दुसऱ्याने आवळायचं, असा तो संसार.

आतड्यातलं मॅग्नेशियम अंगात फारसं शोषलं जात नाही, असं पुस्तकात लिहितात. या वाक्यातला ‘फारसं’ हा शब्द मला वहिनीने दाखवला.

वहिनी तीस वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर होती. दिवाळीत ती मावशीकडे आली आणि सगळे फराळाला बसलेले असताना तिने फडताळातली बाटली उचलली. उजेडात धरून तळचा थर पाहिला आणि एकदम विचारलं, "मावशी, लघवी नीट होते ना हो तुम्हाला?" चकली हातात तशीच राहिली सगळ्यांच्या.

प्रसूतिगृहात हेच मॅग्नेशियम दुसऱ्या रूपात असतं. बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं देतात. आपल्याकडे खेड्यातली नर्ससुद्धा बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम देते. या औषधाने बाया वाचतात. पण पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी सिस्टर तीन गोष्टी बघते: गुडघ्याच्या वाटीखाली छोटी हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास पुरेसा चालतो का, लघवी होते आहे का. यातलं एक जरी चुकलं तरी पुढची सुई थांबते. कारण रक्तात आलेलं जादा मॅग्नेशियम बाहेर काढणारं खातं एकच, मूत्रपिंडाचं. ते बंद असेल तर मॅग्नेशियम साठत जातं. आधी मळमळ, अंगाला ऊब, गुंगी. मग स्नायू ढिले पडतात, गुडघा उडेनासा होतो, रक्तदाब उतरतो, आणि फार झालं तर श्वास आणि हृदय.

"सुईतून जातं ते भराभर, घोटाने जातं ते हळूहळू," वहिनी म्हणाली. "पण बाहेर पडायचा रस्ता तोच ना?"

मावशीच्या मूत्रपिंडांच्या तपासणीतलं क्रिएटिनिन मी फाइलमधून अभिमानाने काढून दाखवलं. १.२. रिपोर्टात ठळक अक्षरही नाही, म्हणजे नॉर्मल. वहिनीने मोबाइलवर हिशेब केला. पंचवीस वर्षांच्या तरण्या मुलाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याची मूत्रपिंडं मिनिटाला ८५ मिलिलिटरच्या आसपास रक्त गाळत असतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं तेवढंच असेल तर ४६ च्या आसपास. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि म्हातारपणी स्नायूच उरलेले नसतात. आकडा तोच, मूत्रपिंड निम्मं. इतकी वर्षं मी त्या फाइलमध्ये फक्त ठळक अक्षरं शोधत होते.

रक्त तपासलं तेव्हा मॅग्नेशियम थोडं चढलेलं निघालं. गेले काही महिने मावशीला दुपारभर झापड यायची, ती याने की वयाने, हे डॉक्टरांनीही ठासून सांगितलं नाही. त्यांनी बाटली बंद केली आणि गोळ्यांची पिशवी मागवली. हाडांसाठी कॅल्शियम, रक्तासाठी लोह: दोन्ही पोट धरणारी. त्यांच्यावर उतारा म्हणून पांढरं. शिवाय पहाटेची थायरॉइडची गोळी ती पांढऱ्याच्या घोटाबरोबर घेत होती, कारण दोन्ही ‘अनशापोटी’. या गोळीत आणि पांढऱ्यात चार तासांचं अंतर हवं. लोह आणि काही अँटिबायोटिकही मॅग्नेशियम पोटातच धरून ठेवतं. म्हणजे मावशी गोळी गिळत होती आणि तिचा बराचसा भाग तसाच पुढे जात होता.

औषध वाईट नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मूत्रपिंडं धड असलेल्या माणसाने मोजून, बाटली हलवून, चार दिवस घेतलं तर काही बिघडत नाही. पोट साफ होण्यासाठी आठवडा आणि जळजळीसाठी दोन आठवडे, त्यापुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पोटात कळ, उलटी, वारा सरत नाही, अशा वेळी तर रेचकाला हातच लावायचा नाही. आतड्यात अडथळा असला तर जीवाशी येतं. मळात रक्त दिसलं, किंवा वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलली, तरी बाटलीऐवजी डॉक्टर. यातलं मावशीच्या कानात किती शिरलं, कोण जाणे. ती एकाच वाक्यावर अडली होती. आठवड्यातून तीनदा झालं तरी ते नॉर्मल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तीनदा?" ती रिक्षात मला म्हणाली. "मग बाकीचे चार दिवस मी उगाच काळजी केली म्हणायची."

आता फडताळात इसबगोल आहे आणि त्याच्यासोबत भरपूर पाणी प्यायचं म्हणून एक तांब्या. इसबगोलला कसली चव नाही ही तिची तक्रार आहे. काल सकाळी फोन केला आणि सवयीने विचारलंच मी, पोट साफ झालं ना?

"आज नाही. बघू उद्या," ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "गुडघा मात्र उडतोय म्हणून सांग तुझ्या वहिनीला. लाटण्याने मारून बघितलं."