जोडलेला सोबती

दक्षिण आफ्रिका व बोट्स्वाना यांनी सन २००० मध्ये कालाहारी वाळवंटातील आपली वन्य उद्याने एकत्र खुली केली. सिंहांच्या त्या प्रदेशातील काही रेताड वाटांवर एकट्या गाडीस प्रवेश नाही. निदान २ गाड्या लागतात. रेतीत शिरण्यापूर्वी चाकांतील हवा कमी करतात, कारण फुगलेले चाक लवकर रुतते; फुगलेले मनही. तरीही गाडी रुतलीच, तर सोबतची गाडी दोर बांधून तिला ओढून काढते.

उपदेशक ४:१० मधील ‘सोबती’ या अर्थाचा इब्री शब्द ‘हाबेर’. त्याच्या धातूचा अर्थ जोडणे. आपल्या मंडळीत मागे कोण रुतले आहे? अहंकाराची हवा सोडून, दोर घेऊन आपण मागे वळू काय? प्रभू तशी कृपा देवो. आमेन.