आवाज आणि हाक

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतही कान काही अंशी जागे राहतात. म्हणूनच मूल रडले की आई उठते. परंतु गेल्या काही वर्षांत तंत्रज्ञानाने कानांनाही पापण्या बसविल्या आहेत. कानांत घालावयाचे हेडफोन आणि खिशातील मोबाईल ही साधने आता आवाज केवळ लहानमोठा करीत नाहीत. कोणता आवाज केव्हा आत सोडायचा आणि कोणता बाहेर थांबवायचा, हेही ती एकदा नेमून दिल्यावर आपोआप पार पाडतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. प्रश्न असा की, ऐकण्या-न ऐकण्याचा निर्णय यंत्रावर सोपविला म्हणजे त्याची जबाबदारीही यंत्राकडे जाते काय?

येथे प्रथम एक भेद केला पाहिजे. कानावर येणाऱ्या ध्वनींपैकी काही नुसते आवाज असतात, तर काही हाका असतात. विमानाच्या इंजिनाची घरघर हा आवाज होय; ती कोणालाही उद्देशून नसते. १९७८ साली विमानप्रवासात या घरघरीमुळे अमर बोस या भारतीय वंशाच्या अमेरिकन अभियंत्यांना हेडफोनवरील संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिचा बंदोबस्त करण्याचे मनावर घेतले. बाहेरच्या ध्वनीची लहर मायक्रोफोनने टिपावयाची आणि तिच्या नेमकी उलट लहर कानापाशी निर्माण करावयाची, म्हणजे दोन्ही एकमेकींना निष्प्रभ करतात, हे त्यामागील तत्त्व. सतत चालणाऱ्या, खालच्या पट्टीतील आवाजावर ही युक्ती विशेष लागू पडते. इंजिनाला गप्प केल्याने कोणाचाही अव्हेर होत नाही.

आवाजाच्या मर्यादेचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली संमत केलेल्या मानकानुसार, प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित समजले जाते. हा हिशेब मनुष्याला ठेवता येणार नाही. तो यंत्रानेच ठेवावा आणि मर्यादा ओलांडली की आवाज उतरवावा. जे मोजता येते, ते निःशंकपणे यंत्राच्या हवाली करावे.

हाकेची गोष्ट निराळी. १९७९ च्या जुलैमध्ये सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला, तेव्हा त्याला दोन हेडफोन जोडण्याची सोय होती आणि एक नारिंगी बटनही होते. ते दाबताच गाण्याचा आवाज उतरे आणि शेजारच्याचे बोलणे कानी पडे. एकट्यानेच ऐकत बसणे असभ्य दिसेल, अशी शंका कंपनीचे अकिओ मोरिता यांना वाटली होती. पुढील नमुन्यांतून ते बटन नाहीसे झाले. २०२० पासून सोनीच्या आणि पुढे ॲपलच्या हेडफोनांतून ही सोय परत आली, ती मात्र स्वयंचलित होऊन. हेडफोन घातलेला मनुष्य बोलू लागला की गाणे आपोआप थांबते किंवा मंदावते. यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. कान उघडतो तो मी बोलल्यावर. दुसरा बोलल्यावर नव्हे. त्याची पहिली हाक बाहेरच राहण्याची शक्यता असते.

मोबाईलमधील ‘व्यत्यय आणू नका’ ही व्यवस्था याच्याही पुढे जाते. निवडक नावांची यादी केली की तेवढ्यांचेच फोन वाजतात. तातडीच्या प्रसंगासाठी आणखी एक पळवाट ठेवलेली असते: एकाच माणसाने थोड्या अवधीत, आयफोनवर तीन मिनिटांच्या आत, पुन्हा फोन केला तर तो वाजू देता येतो. नियम समंजस आहे. परंतु चिकाटीने दोनदा फोन करणारा आत येतो आणि संकोचाने एकदाच करून थांबणारा बाहेर राहतो. गरज आणि संकोच पुष्कळदा एकाच माणसाच्या ठायी असतात, हे यंत्राला कसे कळावे?

यावर कोणी म्हणेल, मनुष्याला विश्रांतीचा अधिकार नाही काय? अवश्य आहे. विद्यार्थी, रुग्ण, रात्रपाळी करून आलेला कामगार यांनी दार लावून घेतले तर त्यांना दोष देता येणार नाही. कर्जाच्या आणि विम्याच्या जाहिरातींचे फोन तर हाकाही नव्हेत. आक्षेप दार लावण्याला नाही. दार कोणावर लावले गेले, याची दादच न घेण्याला आहे. सरकारी कचेरीत साहेबांच्या दाराशी चपराशी असतो. कोणाला सोडावे हे तो हुकुमाप्रमाणे ठरवतो. पण परत गेलेल्या माणसाविषयी जाब साहेबांनाच द्यावा लागतो. आमच्या मध्य प्रदेशात मंगळवारी कलेक्टर कचेरीत ‘जनसुनवाई’ होते, तिचा अर्थ हाच की, ज्याचे नाव कोणत्याही यादीत नाही त्याच्यासाठीही दार उघडे राहावे. हाताने फोन नाकारला तर निदान आपण नाकारला, हे मनाला ठाऊक असते. यंत्राने नाकारलेला माणूस आपल्या सद्सद्विवेकापर्यंत पोहोचतच नाही.

आपल्या परंपरेत नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणापासून होतो. मराठीत ‘ऐकणे’ या एकाच क्रियापदात कानी पडणे आणि मान राखणे हे दोन्ही अर्थ आहेत. आणि आपण कान ‘देतो’, म्हणजे ते दान आहे. दान दुसऱ्याकरवी पोहोचविता येते, परंतु देण्याची इच्छा आपलीच असावी लागते. म्हणून आवाज यंत्राने खुशाल आवरावा. हाका अडविण्याचे काम त्याला दिलेच, तर दिवसाअखेरी अडविलेल्यांची नावे आपण स्वतः पाहावीत आणि ज्याला आपली गरज असेल त्याला आपणहून फोन करावा. एवढे केले तर कानांना आलेल्या या नव्या पापण्या मिटण्याबरोबर उघडण्याच्याही कामी येतील.