भोंगा वाजला, आता जायचं कुठं?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका परिसंवादात परवा एका आपत्तीतज्ज्ञांनी जाहीर केलं, की मुंबईच्या पुराचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सुटलेला आहे. उरली आहे ती फक्त लोकांची बेफिकिरी. सभागृह थंडगार होतं, टाळ्या मात्र गरम पडल्या. आपण बसलोय ती जागा मिठी नदीच्या खाडीची, खारफुटीची होती, याची आठवण कोणी काढली नाही.

यंत्रांची टिंगल करण्यात अर्थ नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला जेमतेम ७४. मधल्या शहरात काय चाललंय हे धड कोणालाच कळत नव्हतं. आज वॉर्डावॉर्डांत स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, वेरावलीला दुसरं डॉप्लर रडार आहे, आणि कुठे किती पाणी तुंबेल याचा अंदाज देणारी ‘आयफ्लोज’ यंत्रणा २०२० पासून आहे. उत्तम.

पण परिसंवादातल्या मंडळींनी गिल्बर्ट व्हाइट वाचलेला दिसत नाही. हा अमेरिकन भूगोलतज्ज्ञ. शिकागो विद्यापीठातला त्याचा प्रबंध १९४५ साली छापून आला. पूर निसर्ग आणतो, नुकसान मात्र बहुतांशी माणसाचं कर्तृत्व, हा त्याचा मुद्दा. अमेरिका तेव्हा धरणांवर आणि बांधांवर पैसा ओतत होती. व्हाइट बजावत राहिला: बांध घातला की भरवसा वाढतो, काठच्या जमिनीला भाव येतो, वस्ती दाटते, मग एखादा पूर बांधाला जुमानत नाही आणि बांधाविना झालं नसतं एवढं वाटोळं होतं. जमीन कशी वापरायची, हे आधी ठरवा, भिंती नंतर. आपण मिठीच्या काठांना भिंती घातल्या आणि काठावरचं बांधकाम चालूच ठेवलं. पूर्वसूचनाही व्हाइटच्या उपायांत होती, हे माझ्या गैरसोयीचं असलं तरी सांगायला हवं. फक्त इतर उपाय वगळून तेवढीच उचला, असं तो म्हणाला नव्हता.

आपण तेवढीच उचलली. डोंगरउतारावरच्या वस्त्यांना पावसाळ्याआधी नोटिसा जातात: घर रिकामं करा, काही झालं तर जबाबदारी तुमची. कागद हातात पडला की धोक्याचा मालक बदलतो. १८ जुलै २०२१ ला मध्यरात्रीनंतर चेंबूरच्या भारतनगरात झोपलेल्या घरांवर भिंत कोसळली. समजा, तासभर आधी मोबाइल वाजला असता. म्हातारी आई, पोरं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन धो-धो पावसात माणसानं कोणाचं दार ठोठावायचं?

इथवर आलो आणि कुर्ल्याचं क्रांतीनगर आडवं आलं. मिठी चढली की तिथल्या लोकांना पालिकेच्या शाळेत हलवतात. जीव वाचतात. पातळी मोजणाऱ्या यंत्रामागे उघडी शाळा आणि गल्लीत हाका मारत फिरणारी माणसं असली की सूचनेला किंमत येते, एवढं मला मान्य करावं लागेल. पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच शाळा, तीच माणसं. सूचना चोख ठरते म्हणूनच पुनर्वसनाची फाईल निवांत पडून राहते, असा माझा संशय आहे.

म्हणून माझी मागणी यंत्रं बंद करण्याची नाही, त्यांच्या नोंदी भलत्याच टेबलावर नेण्याची आहे. कुठे किती वेळ पाणी साचलं याची वॉर्डनिहाय नोंद बांधकाम परवानगीच्या प्रत्येक फायलीला जोडा, आणि ती कोणालाही पाहता येऊ द्या. बिल्डरांना हे रुचणार नाही. पालिकेलाही जड जाईल, कारण विकास शुल्क आणि चटईक्षेत्राचे प्रीमियम त्याच टेबलावरून येतात.