आमीन कशाला?

रत्नागिरीच्या एका खाडीकाठच्या गावात एक आंबा बागायतदार राहत होता. ऐन जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, मोहोर काळा पडला आणि त्याची झोप उडाली. तेव्हापासून तो पाचही वक्त मशिदीत येऊ लागला. पण त्याची नमाज म्हणजे नुसती घाई. रुकूत वाकतो न वाकतो तोच उभा, सजद्यात कपाळ टेकतं न टेकतं तोच वर. इमामांमागे उभा राहिला तरी मन बागेत. सलाम फेरला की मात्र तो निवांत हात पसरायचा. "या अल्ला, माझा मोहोर वाचव. माझ्या पेटीला भाव दे. माझं कर्ज फेड." डोळे भरून यायचे.

मागण्यात वावगं काहीच नाही. चपलेचा बंद तुटला तरी तो अल्लाहकडेच मागावा, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. मनातलं दुःख आपल्या बोलीत सांगायला सलामानंतरची ती घटका मोठी मोलाची असते.

एका मगरिबनंतर बांग देणारे चाचा त्याच्याजवळ येऊन बसले. "बाळा, सुरे फातिहा संपली की सगळ्यांत मोठं आमीन तुझं असतं. कशाला म्हणतोस?"

त्याला उत्तर देता येईना. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, त्यामुळे मोठ्यानं आमीन म्हणायची सवय लहानपणापासूनची. अर्थ कधी विचारलाच नव्हता.

"सात आयती," चाचा बोटं मोजत म्हणाले. "आधी त्याची स्तुती, मग मागणं. सरळ वाट दाखव, हे मागणं. दिवसाच्या फर्ज रकाती 17, म्हणजे 17 वेळा तू हात पसरतोसच. सजद्यात तर बंदा रबच्या सगळ्यांत जवळ असतो, तिथं भरपूर मागावं असं पैगंबरसाहेबांनी सांगितलंय. आणि तू तिथूनच पळत सुटतोस." जरा थांबून ते म्हणाले, "आणखी एक. वाट 'मला' दाखव असं नाही त्यात. 'आम्हाला' आहे."

दुसऱ्या दिवशी फजरला तो सफेत उभा राहिला. शेजारी, खांद्याला खांदा लावून, गडग्यापलीकडचा बागवाला. तुडतुड्यांसाठी दोघांनी मिळून फवारणीचा पंप घेतला होता. गडग्यावरून भांडण झाल्यापासून तो पंप याच्याच पडवीत पडून होता.

फातिहा संपली. "आमीन" घशाशी आलं आणि तिथंच अडकलं. सगळ्यांच्या मागून, अगदी हळू, तो म्हणाला. सजद्यात इमाम जितका वेळ राहिले तितका वेळ आज त्याचं कपाळ चटईवर होतं, घाई नव्हती. चटईची वीण कपाळावर उमटली.

सलामानंतर त्यानं हात पसरले. मोहोराचं मागितलं, कर्जाचंही मागितलं. मग तोंडावरून हात फिरवून तो शेजाऱ्याकडे वळला.

"तुझ्या कलमांवर फवारणी झाली का रे?"

"पंप कुठाय माझ्याकडे?"

"चल, आधी तुझ्या बागेत जाऊ."

बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं.