नासरेथच्या सुताराचें स्मरण

खेडेगांवच्या मंडळींत एखादा कष्टाळू गृहस्थ वारला म्हणजे प्रेतसंस्काराच्या वेळीं उपदेशकास अडचण पडते. मयतानें उपासनामंदिर बांधिलें नाहीं, पुस्तक लिहिलें नाहीं, सभा गाजविली नाहीं. पहांटे कामास गेला, रात्रीं घरीं आला, मुलेंबाळें वाढविलीं. अशा मनुष्याविषयीं काय सांगावें? कोणी म्हणेल, आपल्या पिलांस चारा पक्षीही घालितो. त्यांत स्मरणासारखें तें काय? या प्रश्नाचें उत्तर पाहावयाचें असेल तर नासरेथकर योसेफाकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.

नासरेथ हें लहान गांव होतें. तेथें २००९ सालीं पुराणवस्तुसंशोधकांस प्रभूच्या काळचें एक घर सांपडलें: दोन खोल्या, अंगण, व पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं खडकांत खोदलेलें टांकें. तें योसेफाचेंच असें नव्हे. पण त्याचा संसार अशाच घरांत झाला असावा. दुसऱ्या शतकांतील जस्टिन नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें प्रभु येशू नांगर व जूं करीत असे, असें लिहून ठेविलें आहे; म्हणजे आमच्या गांवचा सुतार करितो तेंच हें काम. घरची स्थिति लूक सुचवितो. बाळास मंदिरांत नेलें तेव्हां आईबापांनीं पक्ष्यांचें अर्पण केलें. आणि कोंकराची ऐपत नसणाऱ्यांसाठींच लेवीयाच्या पुस्तकांत ही सवलत होती.

शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाहीं. तो आज्ञा ऐकतो, उठतो, आणि करितो. मरीयेस गुपचूप सोडून देण्याचा त्याचा विचार होता, आणि तसें केलें असतें तर गांवानें त्यास दोष दिला नसता. परंतु त्यानें तिला घरीं आणिलें, जें मूल आपल्या रक्ताचें नव्हे त्यास आपलें मानिलें, आणि हेरोदापासून त्यास वांचविण्यासाठीं रातोरात मिसर देशाची वाट धरली. पक्ष्याची उपमा येथें तुटते. पक्षी पिलांस चारितो तो स्वभावानें. मनुष्य ओझें समजून उमजून उचलितो, तेव्हां तें धर्मकृत्य होतें. आणि तें एकदां उचलणें सोपें. रोज सकाळीं तेंच उचलणें कठीण.

मुलगा बारा वर्षांचा असतां यरुशलेमाहून परत आल्यावर योसेफ कथेंतून दिसेनासा होतो. तो केव्हां वारला हें कोणीं लिहिलें नाहीं. मार्क तर त्याचें नांवही घेत नाहीं. पण त्याच मार्काच्या सहाव्या अध्यायांत गांवकरी येशूस सुतार म्हणून ओळखतात. मुलास धंदा शिकविणें हें बापाचें कर्तव्य, असें यहूदी गुरु शिकवीत. बापाचें नांव लोकांच्या तोंडून गेलें, तरी त्याचें कसब मुलाच्या हातांत राहिलें. शिवाय देवाविषयीं शिकवितांना प्रभूनें बाप हाच शब्द वारंवार वापरिला. ज्या मुलास घरीं बापाचें केवळ भय ठाऊक, त्यास तो शब्द गोड वाटणें कठीण जातें.

मग अशा गृहस्थाचें स्मरण कसें करावें? रोमन कॅथोलिक मंडळीनें १९५५ सालीं १ मे हा दिवस कामकरी योसेफाचा सण म्हणून ठरविला. आम्ही संतांचे सण पाळीत नाहीं. तरी श्रमाचा मान ओळखण्यांत मागें कां असावें? मात्र कर्ज काढून जेवणावळ घालणें किंवा दगडी थडगें बांधणें हें स्मरण नव्हे. ज्यानें जन्मभर घरास सावकारापासून जपलें, त्याच्याच नांवानें घर सावकाराच्या दारीं नेणें हा त्याचा अपमान होय. तसेंच, अंगीं नव्हते ते गुण त्यास चिकटवूं नयेत. खोट्या स्तुतीखालीं खरा मनुष्य दुसऱ्यांदा पुरला जातो. त्यापेक्षां त्याची राहिलेली उधारी फेडावी. पाहुणे परतल्यावरही त्याच्या विधवेची विचारपूस करीत जावी. त्याचें हत्यार गंजूं न देतां तें चालवावयास त्याच्या मुलास कोणीं तरी शिकवावें.

उपदेशक बंधूंनो, असा मनुष्य वारला म्हणजे सांगण्यास कांहीं नाहीं असें म्हणूं नका. त्यानें कोणतें ओझें उचललें होतें तें सांगा; आणि आतां तें कोण उचलणार, हें मंडळीस विचारा.